शॉवर फिल्टर क्लोरीन काढतो. पण नांदेड-लातूरच्या टाकीत तो उरतो तरी किती?

‘केस गळतायत? त्वचा कोरडी पडतेय? दोष तुमच्या नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा आहे.’ अशा मजकुराच्या जाहिराती मोबाइलवर वारंवार दिसतात. खाली शॉवरला किंवा बाथरूमच्या नळाला बसणारा छोटासा फिल्टर असतो. किंमत साधारण हजार-दोन हजार रुपयांपासून पुढे, आणि दर काही महिन्यांनी आतलं कार्ट्रिज बदलायचं.

पुण्या-मुंबईत सुरू झालेली ही विक्री आता मराठवाड्यातही पोहोचली आहे. नांदेड आणि लातूर ही शिकवण्यांची शहरं. बाहेरगावाहून आलेली हजारो मुलं-मुली इथल्या वसतिगृहांत राहतात, आणि ‘इथल्या पाण्याने केस जातात’ ही तक्रार तिथे नेहमीची आहे. त्यामुळे फिल्टरला गिऱ्हाईक तयारच आहे.

फिल्टर चालतो की नाही, हा या प्रकरणातला सोपा प्रश्न. अवघड प्रश्न असा, की ज्या शहरांत पाणी काही दिवसांआड येतं आणि हौदात, टाकीत साठवून वापरलं जातं, तिथे आंघोळीच्या वेळेपर्यंत पाण्यात क्लोरीन राहतो का? आणि जो थोडाफार राहतो, तो काढून टाकणं शहाणपणाचं आहे का?

पाण्यात क्लोरीन घालतात कशासाठी?

नदीचं किंवा धरणाचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रात आलं की आधी त्यात तुरटी किंवा तशाच एखाद्या रसायनाने गाळ खाली बसवतात. मग ते वाळूच्या थरांतून गाळतात. पाणी नितळ दिसू लागतं, पण कॉलरा, टायफॉइड, कावीळ, हगवण यांचे जंतू नितळ पाण्यातही असू शकतात. त्यांना मारण्यासाठी क्लोरीन घालतात. मोठ्या केंद्रांत तो वायूच्या रूपात, सिलिंडरमधून सोडतात. गावाच्या टाकीत आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. ग्रामपंचायतीचा कर्मचारी तिला ‘टीसीएल पावडर’ म्हणतो.

क्लोरीन दोन कामं करतो. पहिलं काम केंद्रातच होतं: साधारण अर्धा तास पाण्यात राहून तो असलेले जंतू मारतो. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. केंद्रातून निघालेलं पाणी कित्येक किलोमीटर जलवाहिनीतून जातं. वाटेत कुठे गळती असते, कुठे गटार शेजारून गेलेलं असतं. तिथे घाण शिरली तर तिचा मुकाबला करण्यासाठी पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहावा लागतो. यालाच ‘उर्वरित क्लोरीन’ म्हणतात. उकळून किंवा अतिनील किरणांनी जंतू मरतात, पण पुढच्या वाटेवर राखण करणारं काही पाण्यात उरत नाही. क्लोरीनचं वेगळेपण इथे आहे.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवा. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा तो ०.५ असावा, आणि वरची मर्यादा १ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली आरोग्याची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपल्याकडे नळाला अपेक्षित असलेलं प्रमाण त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे.

मग कधी वास जास्त आणि कधी अजिबात नाही, असं का?

नांदेड शहराला मुख्यतः गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पातून पाणी मिळतं. शंकरराव चव्हाणांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प शहराला लागूनच आहे. लातूरला पाणी येतं मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणातून. हे धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात आहे. तिथलं पाणी लांबच्या जलवाहिनीतून येतं आणि हरंगुळच्या केंद्रात शुद्ध होतं.

दोन्ही शहरांची गाठ उघड्या जलाशयांशी आहे, आणि जलाशयातल्या पाण्याची प्रकृती ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात नवं पाणी आलं की गाळ वाढतो. उन्हाळ्यात साठा तळाला गेला की शेवाळ आणि कुजलेला पाला यांचं प्रमाण वाढतं. क्लोरीन आधी या सेंद्रिय घाणीवर खर्च होतो आणि मग जंतूंकडे वळतो. त्यामुळे पाणी जितकं गढूळ, तितका क्लोरीन जास्त लागतो. लातूरमध्ये नळाला पिवळसर पाणी आल्याच्या तक्रारी अलीकडच्या काही वर्षांत गाजल्या. अशा पाण्याला क्लोरीनची भूक मोठी असते.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला उलटी वाटेल. डोळ्यांना झोंबणारा, नाकात जाणारा उग्र वास नेहमी ‘क्लोरीन जास्त झाल्याचा’ नसतो. पाण्यात अमोनियायुक्त घाण असेल तर क्लोरीन तिच्याशी जोडला जातो आणि क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. उग्र वास बऱ्याचदा त्यांचा असतो. पोहण्याच्या तलावातला ‘क्लोरीनचा वास’ही बराचसा असाच. म्हणजे वास वाढला तर मूळ पाणी खराब आहे का, हेही विचारायला हवं.

टाकीतल्या पाण्यात क्लोरीन टिकतो का?

शॉवर फिल्टरच्या जाहिरातीत जो हिशेब कधीच नसतो, तो हा.

हे फिल्टर मुळात अशा शहरांसाठी तयार झाले जिथे चोवीस तास दाबाने पाणी येतं आणि जलवाहिनीतलं पाणी थेट शॉवरमधून अंगावर पडतं. अमेरिकेत अनेक ठिकाणी तसं आहे. नांदेड-लातूरमध्ये चित्र वेगळं आहे. पाणी रोज येत नाही. आलं की ते आधी अंगणातल्या हौदात पडतं. मग मोटार लावून गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत चढवलं जातं. तिथून पुढचे दोन, चार, कधी त्याहून जास्त दिवस ते पुरवून वापरलं जातं.

क्लोरीन हा टिकाऊ पदार्थ नाही. उन्हात तो झपाट्याने नष्ट होतो, उष्णतेने त्याचं विघटन वाढतं आणि उघड्या पाण्यातून तो हवेत उडून जातो. टाकीच्या तळाशी गाळ किंवा भिंतीला शेवाळ असेल तर तिथेही तो खर्च होतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. नळाशी ०.३ किंवा ०.४ मिलिग्रॅम क्लोरीन घेऊन आलेलं पाणी अशा टाकीत तीन दिवस राहिलं, तर चौथ्या दिवशीच्या आंघोळीला त्यात क्लोरीन जवळपास नसतोच.

शिवाय शहरातल्या कित्येक घरांचं ‘वापरायचं पाणी’ बोअरचं असतं. टंचाईत टँकरचं असतं. खासगी बोअरच्या पाण्यात कुणी मुद्दाम टाकल्याशिवाय क्लोरीन येणार कुठून? अशा घरात शॉवर फिल्टर बसवणं म्हणजे नसलेल्या चोरासाठी कुलूप विकत घेणं.

आणि आंघोळ शॉवरखालीच होते असंही नाही. बहुतेक घरांत आजही बादली आणि मग आहे. पाणी बंबात, गॅसवर किंवा गिझरमध्ये तापवलं जातं. उघड्या भांड्यात पाणी तापवलं की त्यातला उरलासुरला क्लोरीनही बराचसा निघून जातो. आजीच्या तांब्याच्या बंबाने हे काम कार्ट्रिजशिवाय केलेलं आहे.

पण क्लोरीनने त्वचेचं आणि केसांचं नुकसान होतं, हे खोटं आहे का?

सरसकट खोटं नाही, पण प्रमाणाचा प्रश्न आहे. क्लोरीन हा ऑक्सिडीकरण करणारा पदार्थ आहे. जास्त प्रमाणात तो त्वचेवरचं तेल कमी करतो, केस राठ करतो, डोळे चुरचुरतात. तलावात रोज तास-दोन तास पोहणाऱ्या मुलांना हा अनुभव असतो. पण तलावात क्लोरीन सर्वसाधारणपणे लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राखतात आणि शरीर त्यात बुडालेलं असतं. नळाच्या पाण्यात त्याच्या काही हिश्श्याएवढा क्लोरीन, आणि आंघोळ दहा मिनिटांची. ज्यांना एक्झिमा, सोरायसिस किंवा दमा आहे, अशा काहींना एवढ्यानेही त्रास होऊ शकतो. त्यांची तक्रार थट्टेवारी नेऊ नये. पण निरोगी माणसाला या प्रमाणात टक्कल पडतं, असं सांगण्याला आधार नाही.

दुसरी भीती उपपदार्थांची आहे आणि ती जास्त गंभीरपणे घ्यायला हवी. क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय कचरा एकत्र आले की ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यातलंच एक. ही संयुगं सहज उडणारी असल्याने गरम पाण्याच्या शॉवरमध्ये, बंद बाथरूममध्ये ती वाफेबरोबर श्वासात जातात आणि थोडी त्वचेतूनही शिरतात. हे गेल्या काही दशकांच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. म्हणूनच भारतीय मानकातही त्यांना मर्यादा आहे. क्लोरोफॉर्मसाठी ती लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे.

पण यावरचा खरा उपाय घराच्या शॉवरमध्ये नाही, तो शुद्धीकरण केंद्रात आहे. क्लोरीन घालण्याआधी पाण्यातला सेंद्रिय कचरा जितका निघेल, तितकी ही संयुगं कमी तयार होतात. घरात करण्यासारखी गोष्ट म्हणजे आंघोळीच्या वेळी खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवणं. त्याला कार्ट्रिज लागत नाही.

मग केस गळतात ते कशाने?

मराठवाडा काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे. या खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं. असं पाणी ‘जड’ किंवा ‘कठीण’ म्हणून ओळखलं जातं. मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता चांगली. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या घरी साबणाला फेस येत नसेल, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमत असेल, गिझरची कॉइल वर्ष-दोन वर्षांत जात असेल, तर गुन्हेगार क्लोरीन नव्हे, क्षार आहेत.

जड पाण्यात साबण आणि शांपू नीट धुतले जात नाहीत. त्यांचा चिकट थर केसांवर आणि अंगावर राहतो. केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. न्हाणीच्या जाळीत अडकलेला गुंता पाहून ते मुळापासून गळतायत असं वाटतं. बऱ्याचदा ते मधूनच तुटलेले असतात. मुळापासूनचं गळणं ओळखायचं असेल तर केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे का ते पाहावं.

मुळापासून केस जाण्याची कारणं बहुधा पाण्याबाहेरची असतात. डेंग्यू किंवा टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेला, जेवण बदललं, लोह आणि प्रथिनं कमी पडली, झोप उडाली, परीक्षेचा ताण आला, तर दोन-तीन महिन्यांनी केस अचानक भरपूर गळतात. आता हेच वेळापत्रक ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला आलेल्या विद्यार्थ्याला लावून पाहा. जूनमध्ये घर सुटलं, मेसचं जेवण सुरू झालं, रात्रीची जागरणं वाढली. सप्टेंबरमध्ये केस गळू लागले. दोष मात्र रोज डोळ्यांसमोर असलेल्या पाण्याला जातो.

पाण्यावर संशय घेण्याची घाई कशी चुकू शकते, याचं उदाहरण जवळच आहे. २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरातल्या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडू लागलं. पहिला संशय पाण्यावरच गेला. नमुने तपासले गेले, केंद्राचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याकडे बोट दाखवलं, आणि चर्चा विहिरीवरून दळणाच्या पिठाकडे वळली. त्या गावांत कुणी शॉवर फिल्टर बसवला असता तर काय उपयोग झाला असता?

शॉवर फिल्टरच्या आत असतं काय?

साधारण चार प्रकारची द्रव्यं असतात, आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे.

पहिलं, सक्रिय कोळसा. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रातही हाच असतो. क्लोरीन काढण्यात तो पटाईत, पण त्याला पाण्याचा संथ प्रवाह लागतो. गरम आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्यात त्याचं काम घटतं. दुसरं, तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे कण, ज्यांना बाजारात ‘केडीएफ’ म्हणतात. हे गरम पाण्यातही काम करतात. तिसरं, कॅल्शियम सल्फाइट. तेही झटपट काम करतं, पण हळूहळू विरघळून संपतं. चौथं, क जीवनसत्त्व. ते क्लोरीनशी जवळपास लगेच अभिक्रिया करतं, पण लवकर संपतं.

वेळेचा हिशेब करून पाहू. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर पाणी वाहत असेल, तर सेकंदाला १५० मिलिलिटर होतं. कार्ट्रिजमध्ये द्रव्य मावतं साधारण एका पेल्याएवढं. म्हणजे पाण्याला आतून जायला मिळतो एक-दीड सेकंद. एवढ्या वेळात काही क्लोरीन जातो, सगळा जात नाही. अमेरिकेत शॉवर फिल्टरसाठी जे मानक आहे (एनएसएफ १७७), तेही फक्त क्लोरीन निम्म्याने कमी करण्याची अट घालतं. ‘९९ टक्के’ लिहिलेल्या खोक्यावर असं कुठलं प्रमाणपत्र आहे का, हे पाहण्यासारखं आहे.

आता सर्वांत मोठा गैरसमज. यातला कोणताही फिल्टर पाण्याचं जडपण काढत नाही. जड पाणी मऊ करायला वेगळी राळ लागते, ती वेळोवेळी मिठाच्या पाण्याने ताजी करावी लागते, आणि एवढी राळ हाताच्या मुठीएवढ्या कार्ट्रिजमध्ये मावत नाही. ‘पंधरा थरांचा फिल्टर’ असं लिहिलं असलं तरी क्षार पंधरा थरांतून बिनधास्त पार होतात.

पाणी मऊ करणारं मोठं यंत्र बसवलं तरी त्वचारोग बरा होईल याची हमी नाही. इंग्लंडमध्ये मध्यम ते तीव्र एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घरात पाणी मऊ करणारं यंत्र लावूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही.

दाबाचाही प्रश्न आहे. गच्चीवरची टाकी बाथरूमच्या जेमतेम दहा फूट वर असते. त्या दाबावर शॉवर आधीच कुरकुरतो. मध्ये फिल्टर आला आणि त्यात टाकीतला गाळ अडकला की धार बारीक होते. सूर्यप्रकाश नाही, क्लोरीन नाही, ओलावा कायम. अशा जुन्या कार्ट्रिजमध्ये जंतूंची वाढही होऊ शकते.

क्लोरीन काढून टाकण्यात धोका आहे का?

शॉवरच्या तोंडाशी काढला तर निरोगी माणसाला फारसा नाही. घरात पाणी शिरतं तिथेच, म्हणजे हौदाच्या किंवा टाकीच्या आधी काढला, तर नक्की आहे. ‘संपूर्ण घरासाठी’ म्हणून विकले जाणारे मोठे कोळशाचे फिल्टर नेमकं हेच करतात. चार दिवस साठवायचं पाणी ते आधीच निःशस्त्र करतात. मग पालीचं पिल्लू पडलं, पक्ष्यांची घाण गेली, शेजारच्या शौचालयाचं पाणी हौदात झिरपलं, तर त्याला अडवायला काही उरत नाही. आणि त्याच टाकीच्या पाण्याने आपण दात घासतो, भाजी धुतो, लहान मूल आंघोळीत घोटभर पितं.

मराठवाड्याला याचे चटके बसलेले आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) छावणी भागात दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोची साथ पसरली आणि रुग्ण हजारांच्या घरात गेले. जून २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुगाव तांड्यावर विहिरीच्या पाण्याने नव्वदहून अधिक लोक आजारी पडले. वस्तीच जेमतेम काहीशे माणसांची.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. तिथेही एक ‘नांदेड’ आहे. आपलं नव्हे, पुण्याजवळचं नांदेड गाव. तपासणीत त्या परिसरातल्या पाण्याच्या काही नमुन्यांत क्लोरीनचा अंशही सापडला नाही. रुग्णांपैकी काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला, जो पुरेसा क्लोरीन असलेल्या पाण्यात सहज मरतो.

‘पण आंघोळीचं पाणी आपण पीत नाही’ असं कुणी म्हणेल. केरळचं उदाहरण त्यांच्यासाठी आहे. तिथे ‘मेंदू खाणारा अमीबा’ म्हणून ओळखला जाणारा जीव नाकावाटे शिरतो. पाणी पिऊन नव्हे. आंघोळ करताना, पोहताना नाकात गेलेलं पाणी पुरतं. २०२५ मध्ये रुग्ण वाढल्यावर केरळ सरकारने राज्यभर विहिरी आणि टाक्यांमध्ये क्लोरीन घालण्याची मोहीम काढली. एका राज्यात लोक आंघोळीच्या पाण्यात क्लोरीन घालतायत आणि दुसरीकडे तोच काढायला पैसे मोजले जातायत, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

आपल्या घरी काय करावं?

आधी मोजा, मग खर्च करा. क्लोरीन मोजण्याचं सोपं साधन गावोगावी आहे: ओटी चाचणी. नळीत पाणी घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका क्लोरीन जास्त. डीपीडी नावाच्या दुसऱ्या, अधिक भरवशाच्या चाचणीत गुलाबी रंग येतो. चाचणी तीन वेळा करा: नळाला पाणी आल्यावर, दुसऱ्या दिवशी टाकीतल्या पाण्याची, आणि पुढचं पाणी येण्याच्या आदल्या दिवशी. चाचणीला वापरलेलं पाणी फेकून द्या.

विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकात हीच चाचणी उलटी वापरली जाते. ‘बघा, तुमचं पाणी पिवळं झालं, म्हणजे विषारी!’ प्रत्यक्षात पिवळा रंग म्हणजे पालिकेने आपलं काम केल्याची खूण आहे. तसंच टीडीएस मीटर पाण्यात बुडवून कुणी क्लोरीनबद्दल बोलू लागलं तर सावध व्हा. त्या मीटरला विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज येतो; क्लोरीन त्याला दिसत नाही, जंतूही दिसत नाहीत.

क्लोरीन खरोखरच जास्त वाटत असेल आणि त्वचा नाजूक असेल, तर बिनखर्चाचा मार्ग आहे. आंघोळीचं पाणी रात्री बादलीत काढून ठेवा, किंवा सकाळी उघड्या भांड्यात तापवा. घाई असेल तर क जीवनसत्त्वाची गोळी चालते. २० लिटरच्या बादलीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम धरला तर एकूण १० मिलिग्रॅम क्लोरीन असतो. तो संपवायला सुमारे २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी अशा वीस बादल्यांना पुरेल. प्यायच्या किंवा साठवायच्या पाण्यात मात्र हा प्रयोग नको.

मोजल्यावर टाकीत क्लोरीन शून्य निघाला, जे नांदेड-लातूरमध्ये होण्याची शक्यता जास्त, तर फिल्टरच्या पैशातून हौद आणि टाकी धुऊन घ्या. झाकण घट्ट बसवा. टाकीवर सावली करा. साठवलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालायची असेल तर बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याच्या १००० लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर हे नेहमीचं प्रमाण आहे. ती थोड्या पाण्यात कालवावी, चुन्याचा साका खाली बसू द्यावा, वरची निवळ टाकीत ओतावी आणि तासभर थांबावं.

जड पाण्याचा त्रास असेल तर डोकं धुण्यापुरतं तरी नळाचं पाणी वापरा आणि बोअरचं पाणी फरशी-भांड्यांना ठेवा. शांपू कमी घ्या, जास्त वेळ धुवा. केस मुळापासून गळत असतील तर प्लंबरऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

खरा प्रश्न शॉवरच्या मागचा आहे

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. पाण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधी जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा प्रश्न पाणी आहे की नाही, एवढाच होता. आज पाणी आहे त्या दिवसांत प्रश्न आहे तो त्याच्या भरवशाचा.

भरवसा नसला की माणूस आपापल्या घरात उत्तर शोधतो. आधी बोअर, मग हौद, मग मोटार, मग आरओ, मग प्यायच्या पाण्याचे जार, आणि आता शॉवर फिल्टर. प्रत्येक पायरीवर खर्च घराचा वाढतो आणि पालिकेला जाब विचारण्याचं कारण एकेक करून कमी होतं. ज्याला हे परवडत नाही, तो मात्र मूळ नळावरच राहतो.

वास्तविक मागण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळाशी उर्वरित क्लोरीन किती होता, हा आकडा महापालिकेने रोज जाहीर करावा. क्लोरोफॉर्म आणि त्याच्या भावंडांची तपासणी वर्षातून काही वेळा, विशेषतः उन्हाळ्यात आणि पहिल्या पुरानंतर करून निकाल लोकांपुढे ठेवावा. गळत्या आधी बुजवाव्यात. आणि पाणी रोज, ठरल्या वेळी यावं. चोवीस तास पाणी लहान गावालाही देता येतं, हे कराडजवळच्या मलकापूरने दाखवलेलं आहे. पाणी रोज आलं तर हौद लहान होतो, साठा शिळा होत नाही, केंद्रात थोडाच क्लोरीन घातला तरी तो शेवटपर्यंत टिकतो, आणि वासाची तक्रारही कमी होते.

तोवर, बाथरूममध्ये क्लोरीनचा हलका वास आला तर घाबरू नका. पाणी ताजं आहे आणि कुणीतरी त्याची राखण केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. काळजी करायची ती आठवडाभर साठवलेल्या पाण्याला कसलाच वास येत नाही तेव्हा.